एका पोटात दोन कलमे
किडनीसोबत स्वादुपिंड बसवतात तेव्हा काय काय बिघडू शकते, आणि गावाने काय जाणून असावे

संत्र्याचा डोळा कसा भरतात हे चांदूर बाजारच्या माणसाला सांगायला जाणे म्हणजे शेंदूरजना घाटाला कलमा विकायला नेण्यासारखे आहे. जंबेरीचा खुंट पेन्सिलएवढा जाड झाला की सालीला चीर द्यायची, नागपुरी संत्र्याचा डोळा आत सरकवायचा, वरून प्लास्टिकची पट्टी करकचून बांधायची. वीस-बावीस दिवसांनी पट्टी सोडून पाहायची. डोळा हिरवा असला तर लागला, काळा पडला तर गेला. शंभरातले शंभर कधी लागत नाहीत. गेलेल्यासाठी कोणी रडत बसत नाही, दुसरा डोळा भरतो.

माणसाच्या पोटात अशीच कलम बांधतात. फरक एवढाच की दुसरा डोळा सहजासहजी मिळत नाही. आणि कधी कधी एकाच माणसाच्या पोटात, एकाच रात्री, दोन कलमा बांधाव्या लागतात. एक किडनीची आणि एक स्वादुपिंडाची.

कोणी म्हणेल, हा विषय शेतीच्या पानावर कशाला? तर एवढ्यासाठी की गावात असा प्रसंग आला म्हणजे डॉक्टरच्या खालोखाल ज्याला विचारतात तो घरातला जाणता माणूस, नाहीतर सरपंच, नाहीतर पोलीस पाटील. त्याला चार गोष्टी ठाऊक असलेल्या बऱ्या.

धरा, तुमच्या सख्ख्या पुतण्याची गोष्ट आहे. पोरगा दहा-बारा वर्षांचा होता तेव्हा एकाएकी वाळला, सारखा पाणी प्यायचा, रात्री चार वेळा उठायचा. दवाखान्यात नेला तर शुगर. तेव्हापासून दररोज इन्सुलिनची सुई. विशी ओलांडली, डोळ्याच्या पडद्याला लेझर झाले, तिशीत पायावर सूज आली, आणि एक दिवस कळले की दोन्ही किडन्या गेल्या. आता हाताला फिस्टुला, आठवड्यातून दोन-तीनदा अमरावतीला डायलिसिस. सकाळच्या एसटीने जायचे आणि संध्याकाळी पिळून काढल्यासारखे परत यायचे. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, किडनीसोबत पँक्रियाजही बसवता येईल. घरचे तुमच्याकडे पाहतात. “काका, तुमी सांगा, काय करावं?”

आधी हे समजून घ्या की ही शुगर तुमच्या-माझ्या वयाची शुगर नव्हे. चाळिशी-पन्नाशीनंतर जी होते त्यात स्वादुपिंड काम करत असते, पण शरीर त्याला दाद देत नाही. पोरवयात होते त्यात स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच मेलेल्या असतात. हे दुहेरी ऑपरेशन मुख्यतः या दुसऱ्या तऱ्हेच्या रोग्यांसाठी आहे. पारावर बसून “आपल्या आबाचीही शुगर अशीच काढून टाका” म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. मोजक्या वयस्क रोग्यांनाही ते करतात, पण निवडून.

जठरामागचा हट्टी अवयव

स्वादुपिंड असते जठराच्या मागे, वीतभर लांब, वजनाने शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. एवढासा तुकडा, पण कामे दोन. रक्तात इन्सुलिन सोडणे हे एक. दुसरे म्हणजे आतड्यात पाचक रस सोडणे, आणि हा रस दिवसाला लिटर-दीड लिटर निघतो. हा रस मांस पचवतो हो! आतड्याच्या बाहेर सांडला तर तो स्वतःच्या पोटातले मांसही पचवायला लागतो. या ऑपरेशनमधली अर्धी दुखणी या रसापायी आहेत.

पहिल्या ऑपरेशनपासूनच ती लागली. १७ डिसेंबर १९६६ रोजी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात विल्यम केली आणि रिचर्ड लिलेहाय या दोन सर्जननी २८ वर्षांच्या एका बाईला किडनी आणि स्वादुपिंड एकत्र बसवले. रस बाहेर येऊ नये म्हणून त्यांनी स्वादुपिंडाची नळीच बांधून टाकली होती. काही दिवस बाईला इन्सुलिनची सुई लागली नाही, आणि तेवढ्यानेही जगाला कळले की हे होऊ शकते. पण कोंडलेल्या रसाने सूज आणली, सुई पुन्हा सुरू झाली आणि काही महिन्यांतच बाई गेली. पुढच्या ऑपरेशनांत लिलेहाय यांनी स्वादुपिंडासोबत दात्याच्या लहान आतड्याचा तुकडाही घेतला. आजही तसाच घेतात.

आपल्या देशात किडनीची कलम तशी जुनी. मुंबईच्या केईएममध्ये १९६५ साली मृताची किडनी बसवण्याचा प्रयत्न झाला होता, आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ साली जिवंत नातेवाइकाची किडनी यशस्वी झाली. आता आपल्या अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात, ज्याला आपण सुपर स्पेशालिटी म्हणतो, किडनी प्रत्यारोपण होते. नागपूरला सरकारी आणि खाजगी दोन्हीकडे होते. स्वादुपिंडाचे तसे नाही. चंदीगडच्या पीजीआय या सरकारी संस्थेत २०१४ पासून किडनी-स्वादुपिंडाची जोडऑपरेशने होत आली आहेत, दक्षिणेत काही ठिकाणी होतात, आपल्या राज्यात मुंबई-पुण्याकडच्या थोड्या रुग्णालयांत. २०२३ साली देशात तेरा हजारांवर किडन्या बसल्या, स्वादुपिंडे दोन-तीन डझनांच्या आसपास. यावरून काय ते समजा.

जुने काढत नाहीत

गावात हमखास विचारतात, “मंग याच्या सोताच्या किडन्या काढून टाकतात का?” नाही. सडक्या झाल्या नसतील तर त्या जागीच राहतात. जुने स्वादुपिंडही राहते, कारण ते इन्सुलिन देत नसले तरी पाचक रस देतच असते. नवी किडनी सहसा ओटीपोटात डाव्या अंगाला आणि नवे स्वादुपिंड उजव्या अंगाला बसवतात. म्हणजे ऑपरेशननंतर पुतण्याच्या पोटात तीन किडन्या आणि दोन स्वादुपिंडे! ऐकून हसू येते, पण खरे आहे.

किडनीला सांधे तीन. रक्त आणणारी धमनी, रक्त नेणारी शीर आणि लघवीची नळी. स्वादुपिंडाचे गणित अवघड. त्याला रक्त दोन धमन्यांतून येते, म्हणून दात्याच्याच मांडीकडे जाणाऱ्या धमनीचा दुबेळका तुकडा घेऊन, गुलेलीच्या आकाराचा, दोन तोंडांचे एक तोंड करतात. मग शीर जोडायची. मग सोबत आलेला आतड्याचा तुकडा रोग्याच्या आतड्याला जोडायचा, म्हणजे रस आत वाहून जाईल. हे सारे किती वेळात? दात्याच्या अंगातून काढल्यापासून स्वादुपिंड बर्फात ठेवून साधारण बारा तासांच्या आत बसलेले बरे. किडनी याहून जास्त वेळ तग धरते. स्वादुपिंड धरत नाही. म्हणून तर विमान, पोलिसांचा मोकळा रस्ता अशी धावपळ तुम्ही वर्तमानपत्रात वाचता.

मंद पाण्याला गाळ फार

आता मुद्द्यावर येऊ. ऑपरेशन “सक्सेस” झाले म्हणून डॉक्टर बाहेर आले, घरच्यांनी पेढे वाटले. थांबा. या ऑपरेशनात खरी परीक्षा पहिल्या रात्रीपासून सुरू होते.

सगळ्यात मोठा घात म्हणजे रक्त गोठणे. विश्रोळीच्या पूर्णा धरणाचा कालवा पाहिला असेल. मुखाशी पाणी धावते, गाळ बसत नाही. टेलला पाणी रांगते आणि गाळ तिथेच बसतो. किडनीतून रक्त धो धो वाहते, म्हणून ती सहसा तुंबत नाही. स्वादुपिंडाला रक्त मुळातच कमी लागते. त्यात प्लीहा कापून वेगळी केलेली, तिच्या शिरांची तोंडे बांधलेली, म्हणजे पुढे वाट नसलेली चारीच. रक्त मंदावते, शिरेत गुठळी बसते, आणि तासा-दोन तासांत नवे स्वादुपिंड काळेनिळे पडते. मोठ्या केंद्रांतही शंभरातल्या पाच ते दहा स्वादुपिंडांचा घात असा होतो, आणि बहुतेक पहिल्या आठवड्यात. कलमेचा डोळा काळा पडतो तसेच, पण इथे वीस दिवस वाट पाहता येत नाही.

खूण काय? काल नव्वद-शंभरावर स्थिरावलेली शुगर एकाएकी अडीचशे-तीनशे होते. पोटात उजव्या अंगाला दुखू लागते. म्हणून आयसीयूतल्या नर्सबाई तासातासाला बोट टोचतात. त्यांच्यावर चिडू नका. त्या टोचण्यावरच सारे कळते. शंका आली की रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, नाहीतर सीटी. वेळेत सापडली तर कधी कधी गुठळी काढता येते. बहुधा स्वादुपिंडच काढावे लागते, आणि लवकर काढावे लागते, कारण मेलेला अवयव पोटात ठेवणे म्हणजे विष ठेवणे.

तर मग रक्त पातळ करायचे औषध द्या की! देतात. पण ते जास्त झाले की दुसरीकडून फुटते. ताजे सांधे, ताजे टाके, आणि किडनी बंद पडलेल्या माणसाचे रक्त तसेही नीट साकळत नाही. पोटात रक्त साचले की पुन्हा थिएटर. गोठू द्यायचे नाही आणि वाहूही द्यायचे नाही, अशी ही कसरत. ओलिताला मोटार लावून झोपी जाणाऱ्याचे हे काम नव्हे, बांधावर उभे राहावे लागते.

दुसरा घात गळतीचा. आतड्याचा जोड सुटला किंवा त्या तुकड्याला रक्त कमी पडून भोक पडले, तर पाचक रस आणि आतड्यातली घाण पोटात उतरते. ताप, पोट फुगून टणक होणे, नाडी धावणे. यात एक फसवी गोष्ट आहे. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर असलेल्या माणसाला ताप येतोच असे नाही, दुखणेही कमी वाटते. आत आग लागलेली आणि वर धूर नाही. गळती मोठी असली तर पोट उघडून धुणे आणि जोड पुन्हा बांधणे याला पर्याय नसतो, आणि कधी जीव वाचवायला स्वादुपिंड सोडावे लागते.

ही भानगड टाळायला १९८० च्या दशकात अमेरिकेत सर्जनांनी वेगळी युक्ती काढली. रस आतड्यात न सोडता लघवीच्या पिशवीत सोडायचा. गळती झाली तरी घाण नाही, आणि लघवीतला रस तपासून स्वादुपिंड ठीक आहे की नाही हेही कळायचे. युक्ती झकास होती, पण पिशवी काही त्या रसासाठी केलेली नाही. जळजळ, लघवीतून रक्त, वारंवार जंतू, आणि रसासोबत शरीरातला क्षार आणि पाणी वाहून जाऊन माणूस सुकायचा. कित्येकांचा जोड पुढे पुन्हा आतड्याकडे वळवावा लागला. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून बहुतेक ठिकाणी आतड्याचीच पद्धत पुन्हा आली. म्हणून डॉक्टरांना विचारा, रस कुठे सोडणार? या एका प्रश्नावरूनच डॉक्टर ओळखेल की नातेवाईक जाणता आहे.

तिसरे, स्वादुपिंडाची सूज. बर्फातून काढून त्यात पुन्हा गरम रक्त सोडले की थोडीफार सूज येतेच. बऱ्याचदा आपोआप उतरते, कधी तिच्याभोवती पाण्याचे, पुवाचे पोकळे होतात. ते बाहेरून सुई-नळी घालून काढता येतात.

किडनीची दुखणी त्यामानाने सौम्य. लघवीच्या नळीचा सांधा गळणे, तो आवळणे, किडनीभोवती पाणी साचणे. यावर उपाय ठरलेले आहेत, ते इथे वाढवत नाही.

आणि जंतू, बुरशी. तीस वर्षांच्या शुगरने जखम मुळातच हळू भरते, त्यात औषधांनी प्रतिकार दाबलेला. टाके पिकणे, पोटात पू होणे, पुढे जखमेच्या जागी हर्निया, हे सारे होते.

आता हिशोब. अनेक मोठ्या केंद्रांच्या नोंदी पाहता या जोडऑपरेशनात चार-पाच रोग्यांमागे एकाला तरी पहिल्या काही महिन्यांत पोट पुन्हा उघडावे लागले आहे. पोटातल्या नेहमीच्या प्रत्यारोपणांत हेच सगळ्यात खटल्याचे. म्हणून पुतण्याला दुसऱ्यांदा थिएटरात नेले तर “डॉक्टरने बिघडवलं” म्हणून लगेच दवाखान्यात गोंधळ घालायचा नाही. लवकर उघडून पाहणारा सर्जन बहुधा चांगला सर्जन असतो, उद्या पाहू म्हणणारा नव्हे.

हे सगळे ऐकून तुम्ही म्हणाल, “मंग कायले करावं बाप्पा असं ऑपरेशन?” तर दुसरी बाजूही ऐका. अनुभवी केंद्रांत आज शंभरातले पंच्याण्णव रोगी वर्षानंतर जिवंत असतात, आणि पंच्याऐंशीच्या आसपास स्वादुपिंडे वर्षभरानंतर चालू असतात. डायलिसिस नाही, सुई नाही, रात्री शुगर उतरून घामाने भिजून बेशुद्ध पडणे नाही. नव्या किडनीलाही शुगरचा घुण लागत नाही. आणि स्वादुपिंड गेले तरी माणूस गेला असे नाही. पुष्कळदा किडनी वाचते, माणूस सुईवर परत येतो पण डायलिसिसवर नाही. हे नातेवाइकांना आधी समजावून ठेवले तर त्या दिवशी घरात आकांत होत नाही.

आणखी एक गंमत निसर्गाची. स्वादुपिंड शरीराने नाकारायला सुरुवात केली तर लवकर कळत नाही, शुगर वाढेपर्यंत उशीर झालेला असतो. पण एकाच दात्याची किडनी शेजारी असली की तिचे क्रिएटिनिन आधी चढते. बहुतेक वेळा किडनी स्वादुपिंडासाठी राखणदाराचे काम करते. एकटे स्वादुपिंड बसवलेल्याला हा राखणदार नसतो.

आईची किडनी की दोन्ही अवयवांची वाट?

पुतण्याची आई पंचावन्नची आहे, धडधाकट, किडनी द्यायला तयार. मग? जिवंत माणसाचे स्वादुपिंड सहसा घेत नाहीत. ते मेंदूमृत दात्याकडूनच यावे लागते, आणि तेही तरुण, सडपातळ, शुगर नसलेल्या दात्याकडून. चरबीचे स्वादुपिंड बसवले की वर सांगितलेली सारी दुखणी वाढतात. असा दाता कधी मिळेल? देशात २०२३ साली मेंदूमृत दात्यांची संख्या पहिल्यांदा हजारावर गेली. एकशे चाळीस कोटींच्या देशात एक हजार!

माझे मत विचाराल तर, आईची किडनी जुळत असेल आणि पोराची डायलिसिसवर झपाट्याने उतरण सुरू असेल, तर दोन्हींसाठी वर्षानुवर्षे बसून राहण्यात शहाणपण नाही. आईची किडनी आज बसवावी, सुई चालू ठेवावी, स्वादुपिंडाचा विचार नंतर. तशीही पद्धत आहे. डायलिसिसची वर्षे हृदयाला पोखरतात. ज्याच्या घरी जुळणारा दाता नाहीच, त्याने मात्र दोन्हींसाठी नाव नोंदवावे. शेवटी निर्णय डॉक्टरांचा आणि घरच्यांचा, पण विचारताना कलमा घेताना नर्सरीवाल्याला विचारता तसे मोकळेपणी विचारा. तुम्ही आजवर अशी किती केलीत? किती जणांचे पोट पुन्हा उघडले? किती स्वादुपिंडे वर्षभर टिकली? रात्री दोनला शुगर चढली तर कोण असते? चांगला डॉक्टर याचा राग मानत नाही.

तो तरुण दाता कुठून येतो?

हे लिहिताना हात थोडा थांबतो. तरुण, सडपातळ, निरोगी आणि मेंदू मेलेला, म्हणजे बहुतेक वेळा मोटारसायकलवरून डोक्यावर पडलेला पोरगा. परतवाडा रोडवर, बहिरमच्या यात्रेच्या दिवसांत, विनाहेल्मेट. आपल्याच तालुक्यातला. एका घरी वाट पाहतात आणि दुसऱ्या घरी सुतक असते, असा हा विषय आहे.

मेंदूमृत म्हणजे बेशुद्ध नव्हे. कोमातला माणूस परत येऊ शकतो, मेंदूमृत येत नाही. छाती हलते ती मशीनने. १९९४ च्या कायद्याने, जो महाराष्ट्रात फेब्रुवारी १९९५ पासून लागू झाला, चार डॉक्टरांच्या मंडळाने निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून हे ठरवायचे असते, आणि अवयव बसवणारा डॉक्टर त्या मंडळात नसतो. त्यानंतरच घरच्यांना विचारतात. घरचे नाही म्हणाले तर नाही, सक्ती कोणाचीच नाही. माणसाने जिवंतपणी अर्ज भरून ठेवला असला तरी शेवटी घरच्यांना विचारतातच. म्हणून नुसता अर्ज भरू नका, घरी बोलून ठेवा. संमती दिल्यानंतरचा दवाखान्याचा खर्च दात्याच्या घरच्यांवर टाकता येत नाही, हेही सांगायला हवे, कारण बिलाच्या भीतीने लोक तोंड फिरवतात. मिळालेला अवयव कोणाला द्यायचा ते विदर्भासाठी नागपूरची विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती प्रतीक्षा यादीवरून ठरवते.

पोलीस पाटलांनो, इथे तुमचे काम येते. अपघात म्हणजे पोलीस केस, आणि शवविच्छेदन व्हायचे असले तरी कायद्याने अवयव घेता येतात, तपासाला त्यांची गरज नसली तर. पण कागद वेळेत फिरावा लागतो. ठाण्यात कोणाला फोन करायचा, नातेवाईक कोण, वडील शेतात असतील तर कोणत्या, हे त्या रात्री तुमच्याएवढे कोणालाच ठाऊक नसते. स्वादुपिंडाचे बारा तास वर सांगितलेच आहेत.

ग्रामसेवक आणि तलाठी भाऊंनाही, आता सरकारने तुम्हाला अनुक्रमे ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी केले असले तरी गाव जुन्याच नावाने हाक मारते, एक विनंती. जिवंत नातेवाइकाची किडनी घ्यायची तर नाते सिद्ध करावे लागते. नवरा-बायको, आई-वडील, मुले, भाऊ-बहीण, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडे, एवढे जवळचे नातेवाईक. बाकी कोणी देणार असेल तर अधिकृत समितीपुढे जावे लागते. आणि फाईल अडते कशाने? रेशनकार्डावर आईचे नाव शांता, आधारवर शांताबाई, शाळेच्या दाखल्यावर बापाचे नावच दुसरे! डायलिसिसवरचा माणूस या एका काना-मात्र्यासाठी महिने काढतो. असा अर्ज तुमच्या टेबलावर आला तर तो फेरफाराच्या गठ्ठ्याखाली ठेवू नका.

पैशाचे म्हणाल तर, २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात आपला अमरावती होता. तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. २०२३ च्या शासन निर्णयाने किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेली. स्वादुपिंडाचा आणि पुन्हा पोट उघडावे लागले तर त्याचा खर्च कशातून बसणार, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडून आधी लेखी घ्या. पोट पुन्हा उघडण्याचा खर्च हिशोबात न धरणारा माणूस मधल्या रात्री वावर विकायला काढतो.

घरी आल्यावर

समजा सगळे पार पडले. पुतण्या दीड-दोन महिन्यांनी घरी आला. शहराजवळ खोली करून तीन महिने राहिलेले अधिक चांगले, कारण पहिल्या तीन महिन्यांत आठवड्याला रक्त तपासावे लागते. पण शेवटी घर ते घर.

गोळ्या आयुष्यभर. सकाळी नऊ आणि रात्री नऊ म्हटले की नऊ. टॅक्रोलिमस नावाची जी मुख्य गोळी आहे तिचे रक्तातले प्रमाण कमी झाले की शरीर कलम नाकारते, जास्त झाले की तीच गोळी किडनीला मारते. “आता बरं हाये, कायले खाऊ?” म्हणून बंद केली की संपले. दुसऱ्या औषधांशी हिचे वैर आणि सख्य दोन्ही आहे. क्षयाच्या रिफाम्पिसिनने ती उतरते, काही जंतू-बुरशीच्या औषधांनी चढते. अंगदुखीच्या साध्या गोळ्या-सुया किडनीला घातक. म्हणून गावातल्या डॉक्टरकडून सुई घेण्याआधी फाईल दाखवायची.

आपल्या भागासाठी खास सूचना फळांची. पपनस आणि ग्रेपफ्रूट पूर्ण बंद, ती टॅक्रोलिमस बेसुमार चढवतात. आपला नागपुरी संत्रा त्या पंक्तीतला नव्हे, पण त्यात पोटॅशियम असते आणि या औषधाने पोटॅशियम चढते. त्यामुळे बाग घरची असली तरी आंबिया बहाराची टोपली समोर घेऊन बसायचे नाही. रक्त पाहून डॉक्टर सांगतील तेवढेच.

पाणी उकळून गार केलेले. खाली दर्यापूर-भातकुलीकडे खारपाणपट्ट्यातल्या पाण्याने किडन्या जातात अशी लोकांची तक्रार जुनी आहे. त्यात मिठाचा वाटा किती, शुगर-बीपीचा किती आणि दुखण्याच्या गोळ्यांचा किती, तो वेगळा विषय आहे, पुन्हा कधीतरी लिहीन. पण कलम बसलेल्या माणसाला जंतूचे पाणी मिठाच्या पाण्याहून आधी मारते.

शेतात जाऊ द्यायचे का? जाऊ द्या, बांधावरून हिंडू द्या, पण काही कामे वर्ष-दोन वर्षे नाहीच. कुटाराच्या ढिगात शिरणे, बुरशी आलेला कडबा झटकणे, शेणखत उपसणे, मळणीयंत्रापुढे उभे राहणे. त्या धुळीत बुरशीचे बी असते, तुम्हाला-मला शिंक येते आणि त्याच्या फुप्फुसात ते रुजते. फवारणीच्या पंपाला हात लावायचा नाही. ओझे उचलायचे नाही, पोटाच्या टाक्यातून हर्निया उतरतो. मोटारसायकलवर धक्क्याच्या रस्त्याने नाही, कारण नवे अवयव ओटीपोटात अगदी वरवर असतात, बरगडीचे संरक्षण त्यांना नाही. बैलाच्या शिंगाचा किंवा हँडलचा एक धक्का पुरे.

ताप शंभरावर, शुगर एकाएकी चढलेली, लघवी कमी, किंवा उजव्या अंगाला दुखणे, यातले काही एक झाले तर सकाळची वाट पाहू नका. दवाखान्याच्या समन्वयकाचा फोन नंबर दाराच्या मागे खडूने लिहून ठेवा, मोबाईलमध्ये असला तरी. फाईलची झेरॉक्स आणि चार दिवसांच्या गोळ्या एका पिशवीत घालून खुंटीला टांगून ठेवा. १०८ ची गाडी नाहीतर शेजाऱ्याची जीप बोलवा, आणि निघण्याआधी फोन करून कळवा की आम्ही निघालो, म्हणजे तिकडे खाट आणि सोनोग्राफीवाला तयार राहतो.